नाकाहारा मासायाची कात्री

जपानी नॉइज, म्हणजे गोंगाटापासूनच केलेल्या संगीताबद्दल बोलणं निघालं की आधी मेर्झबो, हिजोकाइदान, इनकॅपॅसिटंट्स, मासोन्ना ही नावं येतात. नाकाहारा मासायाचं नाव मागाहून येतं, आणि तेही बहुतेक वेळा "तो कादंबरीकारपण आहे, सिनेमातपण दिसलाय" असं. या "पण"मुळे त्याचं काम कळायला अवघड होतं. संगीत, कथा, सिनेसमीक्षा, अभिनय, कोलाज अशी खाती पाडली की प्रत्येक खात्यात तो हौशी वाटायला लागतो. खरं तर त्याच्याकडे पहिल्यापासून एकच कसब आहे: दुसऱ्यांनी टाकून दिलेला माल उचलायचा, कापायचा, शेजारी शेजारी चिकटवायचा आणि सांधा झाकायचा नाही. कॅसेटच्या फितीवर हे कसं होतं ते नीट समजलं तर पुस्तकं आणि सिनेमा दोन्ही सोपे होतात. म्हणून फितीपासूनच सुरुवात.

नाकाहारा 1970 साली तोक्योत जन्मला. विशीच्या आतच मल्टीट्रॅक कॅसेट रेकॉर्डर (फितीवर शेजारी शेजारी वेगळे आवाज, म्हणजे ट्रॅक, धरणारं यंत्र) आणि सॅम्पलर (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र) घेऊन तो आवाज जोडायला लागला. 1988 च्या सुमाराच्या त्याच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह पुढे निघाला, तो आजही ऐकण्यासारखा आहे. त्याने नाव घेतलं बोर्योकु ओन्सेन गेइशा. बोर्योकु म्हणजे हिंसा, ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचे झरे असलेलं विश्रामस्थळ. तोएई कंपनीने 1970 च्या आसपास ओन्सेनमधल्या गेइशांवर बरेच स्वस्त, चावट चित्रपट काढले होते. त्या जगातला एक घासून गुळगुळीत झालेला शब्द घेतला आणि त्याला "हिंसा" जोडली. नावातच सांधा दिसतो.

तेव्हाचा संदर्भ लक्षात घ्यायला हवा. हिजोकाइदान 1979 मध्ये क्योतोत सुरू झालं, त्याच वर्षी तोक्योत आकिता मासामीचं मेर्झबो. ओसाकातली ध्वनिमुद्रण कंपनी अल्केमी रेकॉर्ड्स 1984 ची. या मंडळींच्या आवाजाची ओळख म्हणजे सलग, घट्ट, भिंतीसारखा गोंगाट. नाकाहाराच्या नॉइजमध्ये भगदाडं असतात. जुन्या गुळगुळीत वाद्यसंगीताच्या तबकडीतली चार सेकंदं, कुणाचं तरी बोलणं, मग अचानक कान फाडणारा फीडबॅक (आवाज फिरून स्वतःतच शिरल्याने उठणारी शिट्टी), मग पुन्हा तीच तबकडी, जरा कमी वेगाने. ऐकणारा हसावं की दचकावं या गोंधळात पडतो. हा परिणाम मुद्दाम साधलेला आहे आणि त्यामागे चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्राची मर्यादा आहे.

साधी कॅसेट दर सेकंदाला 4.76 सेंटीमीटर चालते आणि तिच्या दोन बाजू असतात. चार ट्रॅकचं यंत्र फितीची पूर्ण रुंदी, म्हणजे जेमतेम 3.81 मिलिमीटर, एकाच दिशेने वापरतं. त्यामुळे दुसरी बाजू उरत नाही. बरीच यंत्रं शिवाय दुप्पट वेगाने चालतात, कारण वेग वाढला की वरचे स्वर अधिक स्वच्छ उमटतात. हिशेब असा: 60 मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 30 मिनिटांची, दुप्पट वेगाने ती 15 मिनिटांत संपते. म्हणजे तुमच्या हातात सलग 15 मिनिटं आहेत, आणि या काळातल्या घरगुती नॉइजमध्ये तुकडे छोटे का असतात याचं निम्मं उत्तर तिथेच आहे. 120 मिनिटांची कॅसेट घेऊन हा प्रश्न सुटत नाही. तिची फीत इतकी पातळ असते की ती ताणली जाते, यंत्रात गुंडाळली जाते आणि मागेपुढे सारखं करण्याच्या कामात पहिल्या तासातच जाते. 60 ची टाइप 2, म्हणजे क्रोम जातीची कॅसेट बरी.

चार ट्रॅक संपले की ते एकत्र करून एकावर उतरवायचे. पहिले तीन चौथ्यावर, मग नवे दोन तिसऱ्यावर, मग एक दुसऱ्यावर, शेवटी पहिला मोकळा. असे सात भाग बसतात. प्रत्येक वेळी उतरवताना एक नवा आवाज थेट सोबत वाजवला तर दहा. पण दर पिढीला, म्हणजे दर उतरवणीला, फितीची सरसर वाढते आणि वरचे स्वर झिजतात. पॉप गाणं करणाऱ्याला हे नुकसान वाटतं. इथे मात्र त्याचा उपयोग होतो: तीनदा उतरवलेला तबकडीचा तुकडा दूर, पुसट, भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटतो आणि त्यावर पहिल्या पिढीतला ताजा फीडबॅक पडला की दोन्हींमधलं अंतर ऐकू येतं. खोली निर्माण करायला रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, लागत नाही.

इथे एक गफलत हमखास होते. शेजारच्या ट्रॅकवर उतरवताना हेडमध्ये, म्हणजे फितीवर आवाज लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागात, एका ट्रॅकचा सिग्नल दुसऱ्यात झिरपतो आणि पातळी जास्त असेल तर उंच शिट्टी सुरू होते. ती टाळायची असेल तर वरचे स्वर थोडे कापून, पातळी उतरवून रेकॉर्ड करा. हवी असेल तर तोच पातळीचा (गेनचा) नॉब अगदी केसभर फिरवून शिट्टी धरून ठेवता येते. दुसरी गफलत डीबीएक्सची. या आवाज-शुद्धीकरणावर रेकॉर्ड केलेली फीत ते बंद ठेवून वाजवली की आवाज चिरका, दाबलेला, श्वास घेतल्यासारखा येतो. जुनी कॅसेट डिजिटल करताना हा सूक्ष्म फरक लक्षात न घेता "असाच असेल नॉइज" म्हणून सोडून देणारे पुष्कळ आहेत. कॅसेटच्या वेष्टणावरची खूण आधी तपासा.

फितीचं वेटोळं, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारी टोकं जोडलेली फीत, करायचं असेल तर मोजमाप सोपं आहे. पाच सेकंदांसाठी 4.76 गुणिले 5, म्हणजे 23.8 सेंटीमीटर फीत. कॅसेटच्या कवचात एक फेरा घ्यायला साधारण एवढीच लागते. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून 45 अंशात एकाच वेळी कापायची, म्हणजे ती बरोबर जुळतात. सरळ 90 अंशात कापली तर दर फेरीला टक् असा ठोका येतो. चिकटपट्टी फितीच्या मागच्या बाजूला आणि फितीच्या कडेबाहेर कणभरही न जाता. साधी कागदी चिकटपट्टी वापरू नका, तिचा गोंद गरमीने सुटून हेडवर चढतो. वेटोळं घट्ट झालं तर मोटर ओढली जाते आणि स्वर खाली घसरतो. सैल झालं तर फीत रबरी चाकात अडकते. दोन-तीन मिलिमीटरचा फरक पुरतो, म्हणून पहिली दोन-तीन वेटोळी वाया जाणार हे धरूनच चालावं.

आता कागदाकडे. नाकाहाराचं पहिलं पुस्तक कथांचं नव्हतं, 1996 सालचा सिनेमाविषयक लेखांचा संग्रह होता. सिनेमावरचं त्याचं लेखन पुढेही चालू राहिलं. 1998 मध्ये कावादे शोबो शिन्शाने त्याचा पहिला कथासंग्रह काढला. त्या कथांत एखादं पात्र नाव, वय, कपड्यांसकट दाखल होतं आणि पुढच्या परिच्छेदात गायब होतं. भयंकर घटना वर्तमानपत्रातल्या कोपऱ्यातल्या बातमीच्या सपाट भाषेत सांगितली जाते. भाषांतरित कादंबऱ्यांतले ठोकळेबाज वाक्प्रचार, जाहिरातीतले उमाळे, स्वस्त थरारकथांची विशेषणं सगळं जसंच्या तसं येतं. तबकडीतली चार सेकंदं जशी येतात तसंच.

जपानी भाषा या कामाला फार सोयीची आहे. कर्ता गाळता येतो, क्रियापद शेवटी येतं, क्रियापदाला लिंग-वचन लागत नाही. त्यामुळे दोन वेगवेगळ्या मजकुरांतले तुकडे जोडले तरी वाक्य व्याकरणात बसतं आणि सांधा लपवणं अगदी सोपं असतं. नाकाहारा तो लपवत नाही. व्याकरण शाबूत ठेवतो, पण बोलण्याचा सूर मध्येच बदलतो. मराठीत हेच करू गेलं तर "आला", "आली", "आलं" मध्येच सांधा उघडा पडतो, म्हणून त्याचं भाषांतर करणाऱ्याला आधी ठरवावं लागेल की व्याकरण वाचवायचं की सूर. माझ्या मते व्याकरण वाचवावं. वाक्य मोडलं की वाचक त्याला प्रयोग समजून माफ करतो, आणि नाकाहाराला ती माफी नको आहे.

पैशाची बाजूही या लेखनापासून वेगळी करता येत नाही. जपानी मासिकांत मजकुराचा मोबदला परंपरेने 400 चौकटींच्या कागदावर मोजतात, 20 गुणिले 20. ओळ अर्धी सोडली तरी चौकटी मोजल्या जातात, म्हणून छोटे संवाद आणि वारंवार नवा परिच्छेद म्हणजे कमी अक्षरांत जास्त पानं. आपल्याला लिहायला आवडत नाही, मानधनासाठी लिहितो, हे नाकाहाराने वारंवार आणि उघडपणे सांगितलंय, कथांच्या आतसुद्धा. काही समीक्षकांना ती पोझ वाटली. मला ती कामाच्या ठिकाणची साधी नोंद वाटते: कॅसेट 15 मिनिटांत संपते तसा कागद 400 चौकटींत संपतो, आणि तो भरायचा असतो.

2001 मध्ये त्याला मिशिमा युकिओ पुरस्कार मिळाला, "सगळीकडे फुलांचे गुच्छ" अशा अर्थाच्या शीर्षकाच्या छोट्या कादंबरीसाठी. शिन्चोशा या प्रकाशनगृहाशी जोडलेला हा पुरस्कार, रक्कम 10 लाख येन. त्या वर्षी विजेते दोन होते. दुसरा होता चित्रपट दिग्दर्शक आओयामा शिन्जी, स्वतःच्याच "युरिका" या चित्रपटाच्या कादंबरीसाठी. निवड समितीत लेखक त्सुत्सुई यासुताका होते. ही तीन नावं लक्षात ठेवा, चार वर्षांनी ती एका चित्रपटात पुन्हा एकत्र येतात.

मध्ये एवढंच: 2006 मध्ये त्याची एक कथा आकुतागावा या मानाच्या साहित्य पुरस्काराच्या अंतिम यादीत गेली, मिळाला नाही. त्याच वर्षी नोमा साहित्याचा नवोदितांचा पुरस्कार मिळाला. 2008 मध्ये 2004 ते 2007 च्या "कामाच्या रोजनिशी"ला बुन्कामुरा या तोक्योतल्या कलाकेंद्राचा द्यु मागो पुरस्कार मिळाला, ज्याचा निर्णय दर वर्षी एकच परीक्षक घेतो. सुरुवात करायला हे रोजनिशीचं पुस्तक मला सर्वांत योग्य वाटतं. आज कोणता सिनेमा पाहिला, कोणती तबकडी घेतली, पैसे कसे नाहीत, अशा नोंदी एकाखाली एक. माल कुठून येतो ते त्यात दिसतं.

चित्रपट म्हणजे 2005 चा "एली, एली, लेमा सबक्तानी?", दिग्दर्शक आओयामा. त्या वर्षी कान महोत्सवात "अं सर्तें रगार" विभागात दाखवला गेला. कथा 2015 सालात घडते. लेमिंग सिंड्रोम नावाचा विषाणूजन्य आजार पसरलाय, तो झालेली माणसं आत्महत्या करतात, आणि दोन नॉइज संगीतकारांच्या आवाजाने तो आटोक्यात येतो असं आढळलंय. मिझुइची भूमिका आसानो तादानोबूची, त्याच्या साथीदाराची, आसुहाराची, नाकाहाराची. आजारी नातीला, म्हणजे मियाझाकी आओइला, घेऊन येणारा धनाढ्य आजोबा आहे त्सुत्सुई. पुरस्काराच्या टेबलावर समोरासमोर असलेली माणसं पडद्यावर एकमेकांकडे उपचार मागताहेत. चित्रपट बघताना हे माहीत असावंच असं नाही, पण माहीत असलं की त्सुत्सुईंच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं जातं.

अभिनय म्हणून नाकाहारा इथे फारसं काही करत नाही, आणि म्हणूनच तो चांगला आहे. त्याचं काम मुख्यतः हातांचं: मायक्रोफोन धरणं, वस्तू आपटून-घासून बघणं, केबल ओढणं, ऐकणं. व्यावसायिक नट यंत्रापाशी उभा राहिला की नॉब फिरवताना नॉबकडे बघतो. ज्याचं आयुष्य टेबलामागे गेलंय तो स्पीकरच्या दिशेने बघतो, हात आपोआप जागेवर जातो. लांब शॉट्समध्ये हा फरक लपत नाही.

चित्रपटात आवाज गोळा करण्याची जी दृश्यं आहेत ती बघून अनेकांना स्वतः करून बघावंसं वाटतं. नळी फिरवून येणारा आवाज घ्या. आतून खाचा असलेली लवचीक नळी लागते, गुळगुळीत नळी गात नाही, कारण स्वर तयार होतो तो खाचांवरून हवा अडखळत गेल्याने. 75 सेंटीमीटरच्या, दोन्ही टोकं उघड्या नळीचा मूळ स्वर 343 भागिले 1.5, म्हणजे साधारण 229 हर्ट्झ. तो सहसा ऐकूच येत नाही. फिरवायला लागलं की आधी 457 च्या आसपासचा दुसरा स्वर येतो, वेग वाढवला की उडी मारून 686. मधले स्वर नसतात, सरकत जाणारा सूर हवा असेल तर तो नळीतून मिळणार नाही. मायक्रोफोन नळीच्या तोंडासमोर धरला तर निव्वळ वाऱ्याचा धबधबा रेकॉर्ड होतो. तो फिरण्याच्या पातळीच्या बाहेर, एक-दोन हात दूर आणि फोमची टोपी घालूनच ठेवावा.

स्पर्श मायक्रोफोन, म्हणजे पितळी चकतीवरचा पिएझो (कंपनाची वीज करणारा थर), पाच मिनिटांत तयार होतो आणि तरीही बहुतेकांचा वाईट वाजतो. 27 मिलिमीटरची चकती, पातळ आवरणयुक्त केबल: मधली तार पांढऱ्या भागाला, आवरणाची जाळी पितळेला. पांढऱ्या भागावर गरम टोक एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवलं की वरचा चांदीचा थर सुटतो आणि चकती मेली. पण आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो त्याचं कारण वेगळं असतं. अशा चकतीची धारिता (विद्युतभार साठवायची क्षमता) साधारण 20 नॅनोफॅरड. ती 10 किलोओहमच्या लाइन इनपुटला जोडली की सुमारे 800 हर्ट्झच्या खालचं सगळं गळून जातं. गिटारसाठीच्या 1 मेगाओहम इनपुटला जोडली तर हीच सीमा 8 हर्ट्झवर येते. मध्ये गिटारचा एखादा बफर असलेला पेडल (आवाज बदलणारी पायाखालची डबी) ठेवला तरी काम होतं. घूंऽ असा आवाज येत असेल तर चकतीला बाहेरून चिकटपट्टीने इन्सुलेट करा, हाताचा स्पर्श थेट पांढऱ्या भागाला होत असतो.

1990 च्या दशकाच्या अखेरीपासून नाकाहारा हेअर स्टायलिस्टिक्स या नावाने काम करतोय. इथे फितीची जागा टेबलाने घेतली: लहान पेडल, सॅम्पलर, सिंथ, सगळं एका मिक्सरमध्ये. अशा टेबलाचं हृदय म्हणजे मिक्सरचा स्वतःशी जोडलेला फीडबॅक. ऑक्झिलरी सेंडची, म्हणजे आवाजाचा वेगळा वाटा बाहेर काढणाऱ्या जोडणीची, केबल एका चॅनलच्या लाइन इनपुटमध्ये, मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) शून्यावर, मग त्याच चॅनलचा ऑक्झिलरी नॉब हळूहळू वर. एका बिंदूला मिक्सर आपणहून गायला लागतो. स्वर इक्वलायझरने बदलतो, कधी सरकतो, कधी उड्या मारतो. मध्ये 300 मिलिसेकंदांचा डिले (आवाज तेवढ्या वेळाने परत वाजवणारं यंत्र) ठेवला की सेकंदाला तीनहून थोडे जास्त ठोके पडतात आणि आपसूक ताल तयार होतो.

यात स्पीकर जातात, आणि ते कसे जातात हे माहीत हवं. मीटर लाल आहे पण ऐकू काहीच येत नाही, अशा वेळी लोक आवाज वाढवतात. प्रत्यक्षात मिक्सर कानाच्या पलीकडच्या उंच स्वरात गात असतो आणि ट्वीटरची, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरची, बारीक तार तापत असते. कानावर विश्वास न ठेवता मीटर बघा, मास्टरआधी लिमिटर (ठरावीक पातळीपुढे आवाज जाऊ न देणारं यंत्र) ठेवा, आणि न ऐकू येणारं लाल दिसलं तर आधी मास्टर खाली. सगळे पेडल एकाच अडॅप्टरवर साखळीने जोडले तर डिजिटल पेडलची किणकिण ॲनालॉगमध्ये शिरते. निदान डिजिटल पेडलना वेगळा पुरवठा द्यावा.

या नावाने त्याने स्वतः हाताने सजवलेली मुखपृष्ठं लावून सीडी-आर मोठ्या संख्येने काढल्या, आणि 2008 मध्ये बोइद या छोट्या संस्थेकडून दर महिन्याला एक सीडी अशी मालिका सुरू केली. महिन्याला एक हा वेग पुन्हा तोच कागद भरण्याचा वेग. सगळे भाग सारखे चांगले नाहीत, आणि सलग ऐकले तर हेच त्यांचं बलस्थान वाटतं. तुमच्या हाती यातली एखादी सीडी-आर आली तर पहिल्याच दिवशी कमी वेगाने तिची प्रत काढून ठेवा. छापील सीडीसारखे तिच्यात खड्डे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो, आणि तो उन्हाने व उष्णतेने उतरतो. नॉइजच्या बाबतीत धोका असा की बिघाड लगेच ओळखू येत नाही. सारख्या अंतराने, दर फेरीला येणारी कटकट असेल तर ती बहुधा तबकडीची आहे, संगीताची नाही.

2023 च्या सुरुवातीला नाकाहारा गंभीर आजारी पडला आणि दीर्घकाळ रुग्णालयात राहिला. आओयामा त्याआधीच, मार्च 2022 मध्ये, गेला. त्यामुळे आज तो चित्रपट बघताना दोघांचंही ओझं सोबत येतं.

चित्रपट 107 मिनिटांचा आहे. तो बघताना आवाजाचं एक पथ्य पाळा. चित्रपटगृहात प्रत्येक पडदा-वाहिनी, म्हणजे पडद्यामागच्या स्पीकरची आवाजवाट, संदर्भ पातळीवर 85 डेसिबलला लावलेली असते आणि तिच्यावर 20 डेसिबलची मोकळी जागा असते. नॉइजची दृश्यं त्या मोकळ्या जागेत राहतात. घरी लोक संवाद ऐकू यावा म्हणून आवाज वाढवतात आणि नॉइज सुरू झाला की घाबरून कमी करतात, मग मोकळ्या रानात मोठाले स्पीकर मांडून मिझुइ गिटार वाजवतो ते दृश्य मोबाइलच्या घंटीएवढं उरतं. आधी ते दृश्य शोधून त्याच्यानुसार पातळी लावा. स्पीकरपासून तुमच्या जागेवर 100 डेसिबल भरत असेल तर सुरक्षित वेळ 15 मिनिटांची आहे, 94 ला एक तासाची. पातळी ठरली की चित्रपट सुरुवातीला न्या, संवाद पुसट वाटले तरी चालतील, आणि रिमोट दुसऱ्या खोलीत ठेवून या.